परवाना रद्द होण्याआधी ईमेलवर येणारी नोटीस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परवाना रद्द करण्याआधीची कारणे दाखवा नोटीस पूर्वी खात्याचा शिपाई घेऊन यायचा, नाहीतर पोस्टमन. पोच म्हणून सही द्यावी लागायची, त्यामुळे निदान काहीतरी सरकारी आलंय एवढं घरात कळायचं. आता ती ईमेलला येते, पोर्टलवर चढवली जाते, सोबत कधी एखादा एसएमएस येतो, कधी तोही नाही. कायद्याच्या लेखी नोटीस पोचलेली असते आणि दुकानदाराला तिचा पत्ताच नसतो. खालचे बहुतेक प्रश्न याच फटीतून येतात. उदाहरणं मुख्यतः अन्न, औषधं, जीएसटी आणि वाहन चालवण्याचा परवाना यांची घेतली आहेत. जीएसटीची नोंदणी काटेकोर अर्थाने परवाना नव्हे, पण ती गेली की धंदा तिथेच थांबतो, म्हणून तीही धरली आहे.

नोटीस न देता शासन परवाना रद्द करू शकतं का?

सर्वसाधारणपणे नाही. ज्याच्यावर कारवाई करायची त्याचं म्हणणं आधी ऐकून घ्यायचं, हा नैसर्गिक न्यायाचा नियम आहे. मनेका गांधी यांचा पासपोर्ट १९७७ मध्ये सरकारने ताब्यात घेतला आणि कारणही सांगायला नकार दिला. त्या प्रकरणात २५ जानेवारी १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जे सांगितलं, त्यावर आजही परवान्यांचे खटले लढवले जातात: कायद्यात सुनावणीचा उल्लेख नसला तरी ती संधी द्यावीच लागते.

शिवाय बहुतेक कायद्यांत ती स्पष्ट लिहिलेलीही आहे. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम १९, औषध नियम १९४५ मधला नियम ६६, केंद्रीय जीएसटी कायदा २०१७ चं कलम २९, अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ चं कलम ३२, सगळीकडे आधी संधी, मग आदेश असाच क्रम आहे.

अपवाद निलंबनाचा. सार्वजनिक आरोग्याला धोका असेल तर अन्न परवाना कारणं लेखी नोंदवून तात्काळ निलंबित करता येतो. जीएसटीतही नोंदणी रद्द करण्याची प्रक्रिया सुरू झाली की ती आधीच निलंबित होऊ शकते, आणि त्या काळात तुम्हाला करपात्र विक्री करता येत नाही. म्हणजे नोटीस वाचेपर्यंत धंदा अडकलेला असतो. हे बऱ्याच जणांना गिऱ्हाईकाच्या हिशेबनिसाचा फोन आल्यावर कळतं.

ईमेलवर पाठवलेली नोटीस ग्राह्य असते का?

हो, पण सरसकट नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४ नुसार, एखादी गोष्ट लेखी हवी असं कायदा म्हणत असेल तर ती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात असली तरी चालते, मात्र ती पुढे पुन्हा पाहता येईल अशी उपलब्ध हवी. यातून ‘लेखी’चा प्रश्न सुटतो. ‘बजावणी’चा प्रश्न वेगळा. नोटीस कोणत्या मार्गाने बजावायची हे त्या त्या कायद्यात पाहावं लागतं.

जीएसटीत कलम १६९ मध्ये मार्ग मोजून दिले आहेत: प्रत्यक्ष हातात, पोच मिळेल अशा टपालाने किंवा कुरिअरने, नोंदणीच्या वेळी दिलेल्या ईमेलवर, पोर्टलवर उपलब्ध करून, वर्तमानपत्रात जाहीर करून, आणि शेवटचा उपाय म्हणून जागेवर चिकटवून. इथे ईमेलला थेट आधार आहे. ज्या कायद्यात असा उल्लेखच नाही, तिथे वकील पहिला प्रश्न हाच विचारतात की कोणत्या तरतुदीखाली ईमेल पाठवला. तुमच्या प्रकरणातही तो विचारायला हरकत नाही. पण फक्त या एका मुद्द्यावर विसंबून उत्तर न देता बसू नका. नोटीस प्रत्यक्षात तुमच्या हाती आली आणि तुम्ही ती वाचली, असं दिसलं की ‘पद्धत चुकीची होती’ या तक्रारीत फारसा जीव उरत नाही.

ईमेल ‘पोचला’ असं नेमकं कधी धरतात?

इथे कायदा आणि रोजचा व्यवहार वेगळं बोलतात. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम १३ सांगतं की तुम्ही एखादा ईमेल पत्ता यासाठी नेमून दिला असेल, तर नोटीस त्या खात्यात शिरली त्या क्षणी ती मिळाली. तुम्ही उघडली की नाही, याला महत्त्व नाही. तुम्ही नेमून दिलेला पत्ता एक आणि अधिकाऱ्याने पाठवली दुसऱ्याच पत्त्यावर, तर मात्र तुम्ही ती प्रत्यक्ष पाहाल तेव्हा मिळाली असं धरायचं.

समजा, परवान्याच्या अर्जात तुम्ही दुकानाचा ईमेल दिला होता. खात्याने नोटीस तुमच्या मुलाच्या ईमेलवर पाठवली, कारण कधीतरी एका तक्रारीचं उत्तर त्याने तिथून दिलं होतं. मुलाने ती आठवडाभराने उघडली. मुदत उघडल्यापासून मोजावी असं तुम्हाला ठामपणे म्हणता येईल. हीच नोटीस दुकानाच्या ईमेलवर आली असती तर आठवडा फुकट गेला असता.

म्हणून अर्जातला ईमेलचा रकाना हा फॉर्म पुढे सरकावा म्हणून भरायचा रकाना नाही. तुम्हाला नोटीस कुठे द्यायची, ते तुम्ही त्यात शासनाला लिहून देत असता.

नोटीस स्पॅममध्ये गेली. मी पाहिलीच नाही. हे कारण चालेल का?

अधिकाऱ्यासमोर क्वचितच. स्पॅम हा तुमच्याच खात्याचा भाग आहे. न्यायालयात चालण्याची शक्यता थोडी जास्त, पण तिथेही एकट्या स्पॅमवर काम भागत नाही. नोटिशीची मुदत अगदी तोकडी होती, सोबत एसएमएस आला नाही, टपालाने प्रत पाठवली नाही, आदेशात कारणं नाहीत, अशा आणखी दोन-तीन गोष्टी जोडीला लागतात.

मेलबॉक्स भरल्यामुळे ईमेल परत गेला असेल तर प्रकरण वेगळं. तो तुमच्या खात्यात शिरलाच नाही आणि परत आल्याचा संदेश नोटीस पाठवणाऱ्या सरकारी खात्याच्या सर्व्हरवर पडून आहे. माहिती अधिकारात ती नोंद मागा.

नोटीस फक्त पोर्टलवर टाकली होती, मला कोणी कळवलं नाही. ही बजावणी झाली का?

सगळ्यात जास्त भांडणं इथे आहेत. जीएसटी कायद्याच्या शब्दांत पाहिलं तर पोर्टलवर उपलब्ध करणं हा बजावणीचा मान्य मार्ग आहे. पण व्यवहारात काय होत होतं ते पाहा. बराच काळ या पोर्टलवर नोटिसांसाठी दोन पर्याय होते, एक ‘व्ह्यू नोटिसेस अँड ऑर्डर्स’ आणि दुसरा ‘व्ह्यू ॲडिशनल नोटिसेस अँड ऑर्डर्स’. माणूस पहिला उघडायचा, काही नाही बघून निर्धास्त व्हायचा आणि नोटीस दुसऱ्यात पडलेली असायची. मद्रास उच्च न्यायालयात अशी प्रकरणं रांगेने आली. अनेकांत करदात्याला नोटिशीची कल्पना नव्हती हे मान्य करून, वादातल्या रकमेचा काही भाग भरायला लावून प्रकरण फेरसुनावणीला परत पाठवलं गेलं. उत्तर येत नाही असं दिसल्यावर अधिकाऱ्याने इतर मार्गही वापरून पाहावेत, असंही त्या न्यायालयाने सुनावलं आहे.

माझं मत विचाराल तर नुसतं पोर्टलवर टाकणं म्हणजे पत्र लिहून आपल्याच टेबलाच्या खणात ठेवणं आणि वर ‘खण उघडा होता’ म्हणणं. ज्याची नोंदणी निलंबित आहे, धंदा बंद आहे, तो रोज लॉगिन का करेल? पोर्टल नोंद ठेवायला उत्तम आहे. कळवायला ईमेल, एसएमएस आणि निदान एक स्पीड पोस्ट जोडीला हवंच. पण हे झालं मत. नियम बदलत नाही तोवर आठवड्यातून एकदा लॉगिन करून नोटिसांचं पान पाहणं तुम्हाला चुकलेलं नाही.

व्हॉट्सॲपवर आलेली नोटीस मानायची का?

मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एका बँक-कार्डाच्या थकबाकी प्रकरणात व्हॉट्सॲपवर पीडीएफ पाठवून केलेली बजावणी ग्राह्य धरली. संदेश पोचला आणि जोडलेली फाइल उघडली गेली, हे व्हॉट्सॲपवरच्या टिकमार्कच्या खुणांवरून दिसत होतं. पुढे टाळेबंदीच्या काळात, १० जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ईमेल आणि मेसेजिंग ॲपवरून बजावणीला वाट करून दिली, मात्र ॲपवर पाठवलं तर त्याच दिवशी ईमेलही करा अशी अट घातली.

याची दुसरी बाजूही आहे. पोलीस चौकशीला बोलावण्याची नोटीस व्हॉट्सॲपवर देता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये बजावलं आणि त्याच वर्षी जुलैमध्ये ते बदलायला नकार दिला. माणसाच्या स्वातंत्र्यावर थेट परिणाम होतो तिथे कायद्याने दिलेला मार्गच वापरायचा, हा त्यामागचा विचार. परवान्याचं प्रकरण या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी बसतं. अटक होत नाही, पण पोटापाण्याचा प्रश्न असतो. म्हणून केवळ व्हॉट्सॲपवर परवाना रद्द करण्याची नोटीस आली तर तिला उत्तर द्या, आणि पहिल्याच ओळीत लिहा की अधिकृत बजावणी झालेली नाही, हा आक्षेप राखून हे उत्तर देत आहे.

आलेली नोटीस खरी की खोटी, कसं ओळखायचं?

आरटीओच्या नावाने चलनाची एपीके फाइल, म्हणजे फोनवर ॲप बसवणारी फाइल, व्हॉट्सॲपवर पाठवून फोनमधून पैसे काढण्याचे प्रकार सगळीकडे झाले आहेत. ‘दंड न भरल्यास परवाना रद्द’ अशी धमकी, खाली वाहन क्रमांकही अगदी बरोबर, आणि सोबत एक फाइल. कोणतंही सरकारी खातं नोटीस ॲप म्हणून पाठवत नाही. एपीके असेल तर नोटीस खरी आहे का हा प्रश्नच उरत नाही, फाइल उघडायची नाही.

बाकी ईमेलच्या बाबतीत पाठवणाऱ्याचा पूर्ण पत्ता पाहा, नुसतं वर दिसणारं नाव नाही. शेवट जीओव्ही डॉट इन किंवा एनआयसी डॉट इन असा हवा. तरीही ईमेलमधल्या लिंकवर न जाता स्वतः पत्ता टाइप करून पोर्टल उघडा आणि तोच नोटीस क्रमांक तिथे दिसतो का ते बघा. केंद्रीय कर विभागाच्या पत्रव्यवहारावर असणारा डीआयएन, म्हणजे दस्तऐवज ओळख क्रमांक, त्यांच्या संकेतस्थळावर पडताळता येतो, पोर्टलवर तयार झालेल्या नोटिशीवर संदर्भ क्रमांक असतो. संशय कायम राहिला तर कार्यालयात फोन करा, पण नोटिशीत छापलेल्या नंबरवर नको. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा.

खोटी असेल या भीतीने खरी नोटीस डिलीट करणारेही आहेत. ते जास्त महागात पडतं.

नोटिशीत काय काय असायलाच हवं?

आरोप काय, कोणत्या तारखेच्या कोणत्या घटनेवरून, कोणत्या तरतुदीचा भंग, कोणता पुरावा, आणि शासन नेमकं काय करू पाहतंय. शेवटचा मुद्दा फार जण दुर्लक्षित करतात. काळ्या यादीत टाकण्याच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये, आणि पुन्हा २०२० मध्ये, सांगितलं की प्रस्तावित शिक्षा नोटिशीतून स्पष्ट कळली पाहिजे. ‘नियमानुसार कारवाई का करू नये’ एवढंच लिहिलेलं असेल आणि पुढे थेट परवाना रद्द झाला, तर हा मुद्दा हातात ठेवा.

जीएसटीतली आरईजी-१७, म्हणजे नोंदणी रद्द करण्याआधीची कारणे दाखवा नोटीस, एकदा नीट पाहण्यासारखी आहे. वर तुमचा क्रमांक, मध्ये कारण म्हणून कायद्यातलं एखादं वाक्य जसंच्या तसं, खाली सुनावणीची तारीख आणि वेळ, आणि हजर न राहिल्यास उपलब्ध नोंदींवरून एकतर्फी निर्णय होईल असा इशारा. घटना काय, याबद्दल बहुधा एक अक्षर नसतं. त्यानंतर येणारा आरईजी-१९, म्हणजे नोंदणी रद्द केल्याचा आदेश, तर आणखी मासलेवाईक. त्यातल्या पहिल्या ओळीत ‘आपल्या अमुक तारखेच्या उत्तराच्या संदर्भात’ आणि लगेच खाली ‘आपण कोणतंही उत्तर दिलेलं नाही’. खालच्या तक्त्यात देय कर शून्य, व्याज शून्य, दंड शून्य. दिल्ली उच्च न्यायालयाने असे आदेश परस्परविरोधी ठरवून रद्द केले आहेत. मागील तारखेपासून नोंदणी रद्द करायची असेल तर तेही नोटिशीत आधी सांगायला हवं, असंही तिथे वारंवार म्हटलं गेलं आहे. तयार साचा भरून बटण दाबलं की हे असं होतं. यंत्र वाक्य जोडतं, वाचत कोणीच नाही.

कारण सांगायला नकार दिला, ‘गोपनीय आहे’ म्हणाले तर?

मीडियावन या मल्याळम वाहिनीचं प्रकरण आठवा. जानेवारी २०२२ मध्ये तिची परवानगी काढून घेतली गेली आणि कारणं बंद लिफाफ्यात न्यायालयाला दिली गेली. ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. राष्ट्रीय सुरक्षेचं नाव घेतलं म्हणून सुनावणीचा हक्क आपोआप संपत नाही, हे त्यात स्पष्ट झालं. हॉटेल किंवा मेडिकलच्या परवान्यात गोपनीय असं सहसा काही नसतंच. तपासणी अहवाल, नमुन्याचा अहवाल, पंचनामा यांच्या प्रती उत्तर देण्याआधी लेखी मागा.

उत्तर द्यायला किती दिवस मिळतात?

प्रत्येक कायद्याचं गणित वेगळं. आरईजी-१७ ला कामकाजाचे ७ दिवस. रिटर्नमधल्या तफावतीमुळे निलंबनासह येणाऱ्या आरईजी-३१ या नोटिशीला ३० दिवस. अन्न परवान्यात आधी सुधारणा नोटीस येते आणि तिच्यातली मुदत १४ दिवसांपेक्षा कमी ठेवता येत नाही; सुधारणा झाली नाही तर निलंबन, त्यानंतर कारणे दाखवण्याची संधी देऊन रद्द. औषध नियमांत दिवसांचा आकडा नाही, नोटिशीत दिलेली मुदत धरायची.

दिवस मोजताना नोटीस मिळाल्याचा दिवस सोडायचा. शेवटच्या दिवशी कार्यालय बंद असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी चालतं. पोर्टलला मात्र सुट्टी नसते, त्यामुळे हा फायदा ऑनलाइन उत्तरात मिळेलच असं गृहीत धरू नका. आणि शेवटच्या संध्याकाळी पोर्टल चालतं यावर तर अजिबात विश्वास नको.

मुदत पुरणार नसेल तर मुदतवाढ मागा, मुदतीच्या आत आणि लेखी. ‘साहेबांशी बोललोय’ याची नोंद कुठेच होत नाही.

उत्तर कसं द्यावं?

आरोपाच्या क्रमाने, एकेक मुद्दा घेऊन. जे खरं आहे ते नाकारू नका. तपासणीत फ्रीजचं तापमान जास्त निघालं असेल तर दुरुस्तीचं बिल, नंतरच्या नोंदी आणि फोटो जोडा. औषध दुकानात तपासणीच्या वेळी फार्मासिस्ट नव्हता, असा आरोप असेल तर त्या दिवसाची रजा, बदली व्यवस्था, त्या वेळेत विक्री झाली की नाही याची बिलं द्या. परवाना रद्द करणं ही शेवटची पायरी आहे, त्याऐवजी ताकीद किंवा थोड्या दिवसांचं निलंबन पुरेसं होईल, ही विनंती पर्यायी म्हणून जरूर घाला. ‘मला प्रत्यक्ष सुनावणी हवी’ हे वाक्य विसरू नका. ते लिहिलेलं नसेल तर ‘मागितलीच नव्हती’ असं ऐकावं लागतं. राज्याच्या खात्यांना उत्तर मराठीत दिलं तरी चालतं.

जीएसटी रिटर्न न भरल्याची नोटीस असेल तर उत्तरापेक्षा रिटर्न भरणं परिणामकारक. सगळी थकीत रिटर्न, कर, व्याज आणि विलंब शुल्क भरलं की अधिकारी आरईजी-२० हा कारवाई थांबवण्याचा आदेश देऊन प्रकरण बंद करू शकतो.

पोर्टलवर उत्तर चढवल्यावर पोच क्रमांकाचं पान पीडीएफ करून ठेवा. त्याच दिवशी कार्यालयात एक छापील प्रत देऊन शिक्का घ्या. दुहेरी काम वाटेल, पण पोर्टलवरचं जोडपत्र उघडत नाही हे अधिकाऱ्याला निकालाच्या दिवशी कळण्यापेक्षा बरं.

अर्जात एजंटचा किंवा जुन्या करसल्लागाराचा ईमेल आहे. आता काय?

आजच बदला. अडचणीत आलेल्या माणसाची फाइल उघडली की हे हमखास सापडतं. परवाना काढून देणाऱ्याने सोय म्हणून स्वतःचा ईमेल आणि मोबाइल टाकलेला असतो, एकाच पत्त्यावर शेकडो दुकानं. तो धंदा सोडतो, नंबर बदलतो, किंवा फीवरून वाद झालेला असतो. कायदा त्याच्या ईमेलला तुमचा नेमलेला पत्ता समजतो आणि तुम्ही तो ईमेल कधी उघडलेलाही नसतो.

जीएसटीत अधिकृत स्वाक्षरीकर्त्याचा ईमेल आणि मोबाइल ओटीपी टाकून बदलता येतो. लॉगिनच त्या माणसाकडे अडकलं असेल तर ओळखीची आणि मालकीची कागदपत्रं घेऊन तुमच्या क्षेत्राच्या अधिकाऱ्याकडे जा, तो संपर्क बदलून नवीन पासवर्डची वाट करून देऊ शकतो. अन्न परवान्यासाठी फॉसकॉस पोर्टलवर, वाहन परवान्यासाठी सारथी पोर्टलवर मोबाइल अद्ययावत करा. भागीदारी असेल तर दोघांनाही उघडता येईल असा पत्ता ठेवा. भागीदारांत बिनसलं की एकाने नोटीस दाबून ठेवल्याची उदाहरणं कमी नाहीत.

वाहतूक पोलिसांनी लायसन्स घेतलं. म्हणजे ते रद्द झालं का?

नाही. वेगमर्यादा तोडणं, दारू पिऊन चालवणं यांसारख्या ठरावीक गुन्ह्यांत पोलीस लायसन्स ताब्यात घेऊन परवाना प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे आरटीओकडे पाठवतात. अपात्र ठरवायचं की लायसन्स रद्द करायचं, हे आरटीओ तुमचं ऐकून ठरवतो. ती नोटीस लायसन्सवरच्या नोंदीनुसार जाते, म्हणून जुन्या घरचा पत्ता आणि बंद पडलेला नंबर इथेही नडतो. आदेशाविरुद्ध अपिलाला ३० दिवस आहेत.

नुसतं ई-चलन ही परवाना रद्द करण्याची नोटीस नसते.

मुदत संपल्यामुळे परवाना गेला, तरी नोटीस यायला हवी होती ना?

नाही. परवाना संपणं आणि शासनाने तो काढून घेणं, दोन्ही वेगळं. पहिल्यात कोणी तुमच्यावर आरोप करत नाही, त्यामुळे सुनावणीही नाही. आठवणीचा एसएमएस येतो ती सोय आहे, हक्क नव्हे.

मला नोटीस कागदावरच द्या, असं आग्रहाने सांगता येतं का?

विनंती करता येते, सर्वसाधारण हक्क नाही. ज्या कायद्याने ईमेल किंवा पोर्टल हा मार्ग दिला आहे तिथे अधिकाऱ्याने तो निवडला तर त्याला अडवता येत नाही. तरीही ‘ईमेल नियमित पाहणं शक्य नाही, कृपया टपालाने प्रत द्यावी’ असं पत्र आवक-शिक्क्यासह दिलेलं असेल, तर पुढे न्यायालयात त्याचं वजन पडतं. वय, अपंगत्व, गावात रेंज नसणं अशी कारणं असतील तर ती लिहा.

नोटीस मिळालीच नाही आणि परवाना रद्द झाला. कुठे जायचं?

आधी आदेशाची तारीख आणि तुम्हाला तो कळल्याची तारीख लिहून काढा, मग अपिलाची मुदत पाहा. अन्न परवान्यात अन्न सुरक्षा आयुक्तांकडे १५ दिवस. औषध परवान्यात राज्य शासनाकडे ३ महिने. जीएसटीत दोन वाटा आहेत: नोंदणी पूर्ववत करण्याचा अर्ज ९० दिवसांत, जो योग्य कारण असल्यास पुढे आणखी १८० दिवसांपर्यंत स्वीकारता येतो, किंवा ३ महिन्यांत अपील, ज्यात एका महिन्याचा उशीर माफ होऊ शकतो. रिटर्न राहिल्यामुळे नोंदणी गेली असेल तर पहिली वाट सोपी आणि स्वस्त.

थेट उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते का? अपिलाची सोय असताना न्यायालय सहसा तिकडेच पाठवतं. पण नैसर्गिक न्यायाचा भंग हा त्याला मान्य अपवाद आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये व्हर्लपूल प्रकरणात तो स्पष्ट केला आहे. मात्र ‘नोटीस मिळाली नाही’ एवढं म्हणून थांबू नका. नोटीस मिळाली असती तर मी काय सांगितलं असतं आणि त्याने निकाल कसा बदलला असता, हे दाखवा. नुकसान काय झालं हे न दाखवता केवळ भंगाची तक्रार चालत नाही, असं २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे. बहुतेक वेळा जिंकलात तरी मिळते ती फेरसुनावणी. परवाना लगेच परत हवा असेल तर अंतरिम स्थगिती वेगळी मागावी लागते.

पुरावा म्हणून काय जपून ठेवू?

मूळ ईमेल, त्याच्या पूर्ण हेडरसह, म्हणजे तो कुठून, कधी, कसा आला याच्या तांत्रिक नोंदीसह. स्क्रीनशॉट वादात कमी पडतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं, आणि त्यात फाइलची हॅश किंमतही, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा सांकेतिक क्रमांकही, लिहायची असते. हे वकिलाचं काम, पण मूळ फाइल तुमच्याकडे नसेल तर तोही काही करू शकत नाही. फोन बदलताना एसएमएस उडतात, ते आधी काढून ठेवा. पोर्टलवर नोटीस चढवल्याची तारीख दिसते, त्या पानाची प्रतही घ्या.

परवाना वडिलांच्या नावावर होता, ते वारले. नोटीस त्यांच्या ईमेलवर आली असेल तर?

मृत व्यक्तीच्या नावाने काढलेली नोटीस आणि वारसांना न कळवता केलेला आदेश न्यायालयात टिकत नाही, पण त्यासाठी मृत्यूची माहिती खात्याला दिलेली असणं फार उपयोगी पडतं. अन्न परवाना मृत्यूनंतर ९० दिवस वारसाच्या फायद्यासाठी चालू राहतो. त्या अवधीत हस्तांतराचा अर्ज करा आणि त्याच अर्जात स्वतःचा ईमेल आणि मोबाइल द्या. वडिलांचं सिमकार्ड लगेच बंद करू नका. जुन्या पोर्टलचे ओटीपी त्यावरच येतात.